पाच नंबरची पाटी

३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पोचले, सामान लावलं, रुळलेसुद्धा. तुम्ही म्हणाला होतात, वहिनी आठ दिवसांत गाठोडं उचलून परत येतील. महिना झाला. गाठोडं कपाटावर टाकलंय आणि त्यावर धूळ बसायला लागली आहे.

तुमचे दादा गेल्यावर दोन वर्षं मी त्या घरात भिंतींशी बोलून काढली. इथेही भिंतीच आहेत, पण प्रत्येक भिंतीपलीकडे माणूस आहे. या वसाहतीत सगळे साठीच्या पुढचे. पुढे सात बैठ्या घरांची ओळ. आपलं दार, आपली किल्ली, आपली चूल. मधल्या इमारतीत आंघोळीला, कपडे घालायला, औषधं वेळेवर घ्यायला ज्यांना हात लागतो ती मंडळी. मागच्या इमारतीत रात्रंदिवस परिचारिका, तिथे पलंगावरची माणसं. गरज बदलली की माणूस घर बदलतो, वसाहत बदलावी लागत नाही. इथे एक विनोद चालतो, की जन्मभर माणूस पुढे जायला धडपडतो आणि इथे बढती मिळते ती मागे मागे.

मी सहा नंबरला. शेजारी पाच नंबरला एक मास्तर आहेत, शाळेत चित्रकला शिकवायचे, एक्क्याऐंशी वर्षांचे आणि एकटे. सात नंबर, म्हणजे ओळीतलं शेवटचं घर, रिकामं आहे. ते मी मेट्रनबाईंना सांगून तुमच्यासाठी जूनअखेरपर्यंत राखून ठेवलंय. रागावू नका. आपल्या दोघींना पोरंबाळं नाहीत. तुम्ही तिकडे तिसऱ्या मजल्यावर, मी इकडे, हे मला पटत नाही.

इथली एक पद्धत सांगते. प्रत्येक दाराबाहेर खिळ्याला एक लाकडी पाटी असते, एका अंगाने लाल, दुसऱ्या अंगाने पांढरी. झोपायला जाताना लाल बाजू पुढे करायची. सकाळी उठलं की पांढरी. साडेसात वाजता मेट्रनबाई फेरी मारतात. पांढरी दिसली की पुढे जातात, लाल दिसली की दार ठोठावतात आणि उत्तर आलं नाही तर आपल्याकडच्या किल्लीने उघडतात. पद्धत झकास आहे, पण माणसं वेंधळी. उठतात, चहा पितात, पाटी तशीच लाल. मग मेट्रनबाई दार बडवत बसतात आणि आतून उत्तर येतं, "अहो, जिवंत आहे मी." मी साडेसहाला फिरायला निघतेच, तर जाता जाता ओळीतल्या पाट्या मीच फिरवते. मेट्रनबाईंची फेरी आता पाच मिनिटांत उरकते. एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंज चालवलं, एक ओळ काय चालवता येणार नाही?

फोन करू नका, पत्रच लिहा. एकतीस वर्षं तो कानाला लावला, आता त्याचं तोंड बघायची इच्छा नाही.

तुमची वहिनी


११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

माझं माप न घेता तुम्ही कापड बेतलंत. सात नंबर राखून ठेवा असं मी कधी म्हणाले?

मला इथे काय कमी आहे? तीन बाजूंनी उजेड आहे. या खिडकीशी बसून मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. अजून मशीन चालतं, सुई ओवायला वेळ लागतो इतकंच. गुडघे ठणठणीत आहेत. रोज खाली उतरते, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारते, हवं नको ते घेऊन येते. काल मात्र फजिती झाली. तळमजल्यावरच्या इस्त्रीवालीने टोपलीत बटाटे भरले, मी गॅलरीतून ओढून घेत होते, दुसऱ्या मजल्यापाशी दोरी तुटली आणि बटाटे रस्ताभर. एक बटाटा पोस्टमनच्या टोपीवर. तो वर बघून म्हणाला, पत्राचं उत्तर असं देतात का?

आता तुमच्या पाट्यांबद्दल. मी अडाणी शिंपीण, मला एक गोष्ट समजावून सांगा. पाटी फिरवायची ती आतल्या माणसाने, उठून, दार उघडून. म्हणजे पाटी पांढरी याचा अर्थ आतलं माणूस आपल्या पायांवर दारापर्यंत आलं. तुम्ही फिरवलीत तर त्याचा अर्थ काय? फक्त तुम्ही उठलात, एवढाच ना?

सात नंबर सोडून द्या. ज्याला हवं त्याला मिळू दे.

तुमची नणंद


२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

बटाट्यांची गोष्ट वाचून पोट धरून हसले. मग हसू थांबलं. रोज खाली उतरणाऱ्या बाईला टोपली कशाला लागते? याचं उत्तर पुढच्या पत्रात हवं आहे.

पाट्यांची काळजी तुम्ही करू नका. मी काय डोळे मिटून फिरवत जाते? प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबते, कानोसा घेते, मग फिरवते. एक नंबरच्या बाई माझ्याआधीच बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या असतात, त्यांचा प्रश्न नाही. दोन नंबरला नवरा-बायकोचं भांडण सहापासून सुरू होतं. तीन नंबरला खोकला, चार नंबरला नळ, आणि पाच नंबरला मास्तरांचा रेडिओ. एक्सचेंजमध्ये चोवीस मुली एकदम बोलत असायच्या, त्यांतली कोणती ग्राहकाशी उर्मट बोलली ते मला माझ्या खुर्चीवरून कळायचं. या कानांना पाच घरं म्हणजे किस झाड की पत्ती.

शिवाय लोकांना आवडतं. दोन नंबरच्या आजोबांनी परवा भोजनघरात, मेट्रनबाई नव्हत्या तेव्हा, सगळ्यांसमोर सांगितलं, की सहा नंबरच्या बाई आल्यापासून आमची झोपमोड थांबली. मास्तरांनी तर माझं चित्र काढलंय, हातात शिट्टी आणि समोर सात दारं रांगेत उभी. शिट्टी मी कधीच वाजवलेली नाही, पण चित्र फ्रेम करून लावलंय.

सात नंबर सोडणार नाही. खिडकी पूर्वेला आहे, मशीनला हवा तसा उजेड येतो. मी स्वतः खुर्ची टाकून बसून पाहिलं.

तुमची वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

टोपली इस्त्रीवालीच्या हौसेखातर आहे. तिला सेवा करायची हौस, मला मोडवत नाही. संपला विषय.

रविवारी न राहवून तुम्हाला फोन केला, आठवतं ना? मी विचारलं, दादांचा काळा कोट कोणाला दिलात? तो मी शिवला होता, त्याचं अस्तर अजून दहा वर्षं टिकेल. तुम्ही म्हणालात, "हो हो, इकडे हवा छान आहे," आणि ठेवून दिलात. द्यायचा नसेल तर नाही म्हणा, हवेवर कशाला घालवता?

कानोसा घेता हे ठीक. पण भांडण, खोकला आणि रेडिओ यांनी पाटी फिरवलेली मी अजून ऐकलेली नाही.

तुमची नणंद


९ एप्रिल

प्रिय वन्सं,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. इथे दिवस कसा जातो कळत नाही. सकाळी व्यायामाचा वर्ग, खुर्चीत बसून हात वर, हात खाली. दुपारी वाचनालय. बागेत मला एक वाफा मिळालाय, त्यात टोमॅटो लावलेत. भोजनघरात माझ्या टेबलावर आता एक निवृत्त आगबोटवाले असतात, ते सुपाकडेसुद्धा समुद्राकडे बघावं तसं बघतात.

मास्तर सध्या मागच्या इमारतीत आहेत. पाय दुखावला. या वयात व्हायचंच.

दादांचा कोट माझ्याकडेच आहे. कोणाला दिलेला नाही.

सात नंबरची घाई करू नका. तुमचा जीव तिथे रमत असेल तर रमू दे. माणसाला आपल्या जागेतून उपटून नेण्यात काही शहाणपण नाही.

तुमची वहिनी


१५ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. कपडा उलटा करून शिवण बघायची माझी सवय जुनी आहे.

पाट्यांचं अवाक्षर नाही. फेब्रुवारीत दोन पत्रं पाट्यांनी भरली होती आणि आता टोमॅटो. साडेसहाच्या फेरीच्या जागी खुर्चीतला व्यायाम. ज्या मास्तरांनी तुमचं चित्र काढलं, जे भिंतीला लागून राहतात, त्यांच्यासाठी तीन छोटी वाक्यं, आणि सूप पिणाऱ्या आगबोटवाल्यांसाठी एक लांबलचक. आणि ज्या बाईने माझ्यासाठी रिकाम्या घरात खुर्ची टाकून उजेड तपासला, ती आता म्हणते घाई करू नका.

तुम्ही माझ्या घरात आलात त्याला त्रेपन्न वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात तुमच्या हातून माझी कात्री हरवली होती आणि तुम्ही दोन दिवस असंच छान हवेबद्दल बोलत होतात. तिसऱ्या दिवशी मी विचारल्यावर रडलात. मीही तेव्हा खाष्ट होते, कबूल.

आता विचारते. पाच नंबरला काय झालं?

तुमची नणंद


२२ एप्रिल

प्रिय वन्सं,

कात्री विहिरीत पडली होती. ते तुम्हाला तेव्हाही पूर्ण सांगितलं नव्हतं. आज हे पूर्ण सांगते.

बारा मार्चची सकाळ. नेहमीप्रमाणे साडेसहाला निघाले. फेरी संपवून घराकडे वळताना पाच नंबरपाशी थांबले. आत रेडिओ चालू आहे असं मला वाटलं. पाटी फिरवली आणि पुढे गेले. साडेसातला मेट्रनबाई आल्या, पांढरी पाटी बघून पुढे गेल्या. अकरा वाजता कपडे धुवायला नेणारी बाई आली, तिने दार वाजवलं, उत्तर नाही, म्हणून तिने मेट्रनबाईंना बोलावलं. मास्तर न्हाणीघरात पडलेले होते. पहाटे पाचपासून. सहा तास, गार लादीवर, खुब्याचं हाड मोडून. आणि बाहेर पाटी पांढरी.

रेडिओ त्या दिवशी लागलेलाच नव्हता. मला जो ऐकू आला तो चार नंबरचा असेल, नाहीतर माझ्या डोक्यातला.

मेट्रनबाईंनी समजूत करून घेतली, की मास्तरांनी उठून पाटी फिरवली आणि मग ते पडले. मी काही बोलले नाही. ओळीतल्या कोणी तोंड उघडलं नाही, कारण त्यांनाही वाटलं, त्या दिवशी मास्तर माझ्याआधी उठले असतील. चौथ्या दिवशी मी मास्तरांना भेटायला मागच्या इमारतीत गेले. ते पडल्या पडल्या हसले. म्हणाले, "तुमच्या चपलांचा आवाज आला. मी हाक मारली. दोनदा. मग पाटी खिळ्यावर वाजली आणि तुम्ही गेलात."

वन्सं, मी त्या दाराबाहेर उभी होते. मध्ये एक दार होतं आणि न्हाणीघर त्याला लागूनच आहे. तो माणूस मला हाक मारत होता.

माझे कान गेलेत. आज नाही, दोन वर्षं होऊन गेली. तुमचे दादा शेवटी शेवटी काय बोलायचे त्यातलं अर्धं मी ओठांवरून ओळखायची. त्यांनाही कळू दिलं नाही. फोन नको म्हणाले ते यासाठी. तुम्ही कोटाचं विचारलंत ते मला तुमच्या पत्रातूनच कळलं. सगळं गाव ज्या कानांना घाबरायचं ते कान गेले हे कोणत्या तोंडाने सांगू? एक्सचेंजची बाई बहिरी झाली म्हणजे शिंप्याची बोटं झडली.

आता सांगितलं तर काय होईल ते मला ठाऊक आहे. मेट्रनबाई म्हणतील, या बाई एकट्या राहायच्या लायकीच्या नाहीत, यांना मधल्या इमारतीत हलवा. मग सात नंबरला तुम्ही कोणासाठी यायचं? म्हणून लिहिलं, घाई करू नका.

मास्तरांनी कोणाला सांगितलेलं नाही. मीही नाही. तुम्ही पहिल्या.

वहिनी


२७ एप्रिल

प्रिय वहिनी,

पत्र वाचलं. तुमची दया आली. मास्तरांची जास्त आली. ते खरं आहे म्हणून लिहिते.

आता माझं ऐका. गेल्या नोव्हेंबरात जिन्यात माझा गुडघा दगा देऊन बसला. तेव्हापासून मी चार वेळा खाली उतरले आहे, चारही वेळा बसून, एकेक पायरी, लहान मूल उतरतं तशी. टोपली हौसेची नाही. रोज सकाळी आठला मी ती खाली सोडते. सोडली नाही तर इस्त्रीवाली वर येणार, असं आमचं ठरलंय. म्हणजे माझीही ती पाटीच आहे. फरक एवढाच, की माझी टोपली माझ्यावाचून कोणी सोडत नाही. तुमच्यासारखी प्रेमळ शेजारीण असती आणि तिने रोज माझ्याऐवजी सोडली असती, तर मी आत मरून पडले तरी टोपलीत बटाटे येत राहिले असते.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आपण दोघी दोन मुठी झाकून बसलो. तुमच्या मुठीत मास्तरांचा खुबा गेला.

मेट्रनबाईंना सांगा. लगेच. मास्तर बोलले नाहीत म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. ते तुमची वाट बघत आहेत.

मधल्या इमारतीत हलवलं तर हलवू दे. मधली म्हणजे काही दुसरा देश नाही. मी काठी टेकत दिवसातून दोनदा येईन. पण तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सात नंबरला पाऊल ठेवणार नाही. ज्या ओळीत पाटी खोटं बोलते त्या ओळीत मी झोपणार नाही.

कात्री विहिरीत कशी पडली तेही एकदा कळवा.

तुमची नणंद


९ मे

प्रिय वन्सं,

सांगितलं.

तुमचं पत्र दुपारी मिळालं, दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीच्या वेळी मी मेट्रनबाईंना ओळीतच गाठलं. ऑफिसात जाऊन बसले असते तर शब्द फिरले असते. पाच नंबरच्या दारासमोर उभं राहून सांगितलं, की ही पाटी त्या दिवशी मी फिरवली, आणि मला ऐकू येत नाही. त्यांनी हातातली किल्ल्यांची जुडी पदरात गुंडाळली, ती वाजू नये म्हणून असेल, आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश विचारलं, "किती दिवस फिरवत होतात?" मी म्हटलं, दोन महिने. त्यांनी ओळीतल्या सातही पाट्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन महिने ही ओळ माझ्या हातात नव्हती आणि मला पत्ता नव्हता." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू त्याच पडल्या होत्या.

त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाआधी मला भोजनघरात सगळ्यांना सांगावं लागलं. लावलं कोणी नाही, मीच म्हटलं, कौतुक सगळ्यांसमोर घेतलं तर हेही सगळ्यांसमोर. माझं बोलून संपलं. मग दोन नंबरचे आजोबा म्हणाले, "मग आता आमची कोण फिरवणार?" त्यांच्या बायकोने त्यांना जे सुनावलं ते मलासुद्धा ऐकू आलं.

कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांत यंत्र बसवलंय. पहिल्या दिवशी वाटलं, सगळं जग भांडी घासतंय. आता सवय होते आहे. तीन महिने मेट्रनबाई माझ्यावर लक्ष ठेवणार, दर आठवड्याला परिचारिका येऊन बघून जाणार. दाराच्या घंटेला दिवा जोडलाय, कोणी दाबली की खोलीत उजेड होतो. जमलं तर सहा नंबर माझा, नाही जमलं तर मधली इमारत. मी मधली इमारत बघून आले. पलंगाशी खिडकी आहे आणि चहा दोनदा मिळतो. भीती होती तितकं काही नाही, पण मला माझी चूल हवी आहे.

मास्तरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगितलं का नाहीत? ते म्हणाले, "ते तुमचं होतं. मी कसं सांगणार?" ते आता चौकटीच्या काठीने दहा पावलं चालतात. पण पाच नंबरला परत येणार नाहीत. मधल्या इमारतीत खोली मागितली आहे. मी रडायला लागले तर म्हणाले, की तुमच्यामुळे नाही हो, आंघोळीमुळे. तिथे पाठ चोळायला माणूस मिळतो, मला हे आधीच करायला हवं होतं. हे किती खरं आणि किती माझ्यासाठी, मला कळलं नाही. मी विचारणारही नाही. रोज चारला त्यांच्याकडे जाते, वर्तमानपत्र वाचून दाखवते. बारीक अक्षरं दिसत नाहीत त्यांना हल्ली, मला चांगली दिसतात. शिट्टीचं चित्र मी भिंतीवरून काढून त्यांना परत दिलं. त्यांनी पाठीमागे पेन्सिलीने काहीतरी सुरू केलंय, दाखवत नाहीत.

कात्री मी पाणी शेंदताना कमरेला खोचली होती. तुमच्यासारखी दिसायला.

तुमची वहिनी


१४ मे

प्रिय वहिनी,

वाचलं. बरं वाटलं. छाती भरून आली म्हणायला हरकत नाही, पण तुम्ही लगेच चढून बसाल, म्हणून एवढंच.

मेट्रनबाईंनी पाठवलेला फॉर्म भरला. पुढची ओळ लिहिली आहे. खाली विचारलंय, पुढे गरज पडली तर कोणती व्यवस्था चालेल? मी लिहिलं, गुडघा बोलेल ती. तुम्ही बरोबर म्हणता, घर बदललं तरी वसाहत तीच राहते, हे मला त्या जिन्यावर कोणी देत नव्हतं. एका रकान्यात विचारलंय, काही झाल्यास कोणाला कळवावे, आणि पुढे नातं. तिथे छापलेले पर्याय आहेत, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, इतर. मी 'इतर' खोडलं आणि हाताने लिहिलं, वहिनी.

मशीन येतंय, दोन ट्रंका येत आहेत, टोपली इस्त्रीवालीला दिली. ती रडली. तिच्या नातीसाठी शेवटचा झगा शिवला, सुई तिनेच ओवून दिली.

दादांचा कोट काढून ठेवा. तो मास्तरांच्या मापाचा होईल का, ते बघायचं आहे.

एकच अट. माझी पाटी तुम्ही फिरवायची नाही. लाल दिसली तर ठोठावायचं.

तुमची नणंद


२ जून

प्रिय वहिनी,

आपल्या दोघींमध्ये आता एकच भिंत आहे, तरी लिहिते. काही गोष्टी मला तोंडावर बोलता येत नाहीत, पत्रात येतात. दाराखालून सरकवते आहे.

आज सकाळी मी सहालाच उठले होते. चहा झाला, केस विंचरले. पाटी मुद्दाम लाल ठेवली. दाराच्या आत खुर्ची टाकून बसले. तुम्ही पाटी फिरवता की ठोठावता, ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

तुमच्या चपला वाजल्या. थांबल्या. पाटीचा खिळा माझ्या डोक्यापाशीच आहे, तो वाजतो का म्हणून मी श्वास धरून बसले. वाजला नाही. मग तुम्ही असं दार ठोठावलंत, की ओळीतली चार दारं उघडली. तुम्ही हाक मारलीत. मी मुद्दाम हळू ओ दिली, अगदी हळू, स्वतःशी बोलावं तशी.

तुम्ही म्हणालात, "ऐकलं. दार उघडा."

मला उघडायला वेळ लागला, तो गुडघ्यामुळे नाही. आधी डोळे पुसले.

तुमची नणंद